अर्ध्या अर्ध्या इंचाचा उंट

एक स्टूल. तीन पायांचं, खोक्याच्या लाकडाचं. उंची चौदा इंच.

साखरेचा एक नवरदेव. कोट आहे, बूट आहेत, मान नाही.

शिवणकामातला एक नियम, जो कुठल्याच पुस्तकात छापलेला नाही: अर्धा इंच माणसाच्या लक्षात येत नाही. एक इंच येतो.

ॲल्युमिनियमचं एक पातेलं. आतल्या बाजूने खिळ्याने ओढलेली रेघ.

एक मिशी. वय वर्षे नऊ.

"चारही टायर? एकदम?"
"खिळ्यांचं पोतं सांडलं होतं रस्त्यावर."

एका हॉलच्या मागच्या दाराला अडकवलेला पुठ्ठा: केक उभा असेल तरच आत घेऊ.

आता या सगळ्याच्या मधोमध एक गाडी उभी करा. पिकअप. पुढे दोन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा. आणि ती जमिनीपासून जेवढी उंच असायला हवी त्याहून चार इंच उंच उभी करा. आता सरळ सांगता येईल.

चार इंच

गाडी पडदे शिवणाऱ्या मास्टरची. मास्टर पडदे शिवतो, सोफ्याचे अभ्रे शिवतो, ओळखीच्यांच्या पँटी शिवतो. स्वतःची उंची पाच फूट दोन इंच, आणि हा आकडा त्याने स्वतःच मोजलेला असल्यामुळे त्यात शंका नाही. दुकानाच्या वरच्या मजल्यावर बायको केक करते. आठवडाभर गाडीतून पडद्यांचे गज आणि कापडाचे ठाण जातात, शनिवारी केक.

गाडी चार इंच उंच का झाली, याचं उत्तर मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. वर्षापूर्वी त्याने एक उंच पिकअप घेतली, सिग्नलला मास्टरच्या शेजारी लावली, खिडकीतून खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "दाजी, आत आहात होय? मला वाटलं गाडी आपली आपणच चाललीय."

मास्टरने काच वर केली. तिसऱ्या दिवशी त्याने गाडी गावाबाहेरच्या एका चकचकीत दुकानात नेली. तिथल्या लोकांनी मागच्या कमानपाट्यांखाली, म्हणजे लोखंडी स्प्रिंगांखाली, तीन इंचांचे लोखंडी ठोकळे घातले, पुढे तेवढ्याच जाडीच्या चकत्या घातल्या, वर एक जादा पाटा ठोकला, आणि दातेरी टायर चढवले. टायरांनी आणखी एक इंच दिला. टपावर कॅरियर बसवलं, कॅरियरवर चार मोठे दिवे. मास्टर दिवेलागणीच्या आत घरी येणारा माणूस. ते दिवे आजपर्यंत पेटलेले नाहीत.

गल्लीने गाडीचं नाव उंट ठेवलं. मास्टरला उंटावरचा शहाणा म्हणायला मग फार डोकं लागलं नाही.

चढायला स्टूल लागू लागलं. मास्टर स्टूलवर पाय ठेवून चढायचा, मग दोरीने स्टूल वर ओढून घ्यायचा. कोणी पाहत असेल तर आधी बुटाची नाडी बांधल्यासारखं करायचा. स्पीडब्रेकरवर आधी गाडी उडायची, मग सीट, मग मास्टर, आणि खाली येताना तिघं वेगवेगळ्या वेळी पोचायचे. पूर्वी जेवढ्या डिझेलमध्ये आठवडा निघायचा तेवढ्यात बुधवार उजाडायचा. मास्टर म्हणायचा, मोठ्या टायरने मीटर कमी पळतं, खरं अंतर जास्त असतं. हे खरं होतं. फारसं उपयोगाचं नव्हतं, पण खरं होतं.

हे सगळं अजून सावरण्याजोगं होतं. पण मेहुण्याच्या वाढदिवसाच्या जेवणाला, चौदा नातेवाइकांसमोर, मेहुणा म्हणाला, "दाजी, बघा हं, दोन महिन्यांत खाली उतरवाल." मेहुणा त्या दिवशी बसने आला होता, गाडी सर्व्हिसिंगला दिलीय म्हणाला. मास्टर चमचा खाली ठेवून उभा राहिला.

"ही गाडी खाली आली तर मिशी उतरवीन."

बायकोने कपाळाला हात लावला. मिशी गडद होती, भरघोस होती, आणि चेहऱ्यावर तीच काय ती उंच होती.

केकचं काय झालं

पहिला केक तीन मजली गेला, अडीच मजली पोचला. दुसऱ्या केकवर साखरेचे नवरा-नवरी होते. नवरीला काही झालं नाही. तिसरा केक पोचला तेव्हा त्याला मजले किती होते हे सांगावं लागलं.

हे केक ज्या लग्नाच्या हॉलवर जात त्याचा मॅनेजर शांत माणूस. त्याने मान तिरकी करून केक पाहिला, मग मान सरळ करून बायकोकडे पाहिलं.

"ताई, चव एक नंबर. पण तुमचा केक येतो तेव्हा अपघातातून वाचून आल्यासारखा दिसतो."

"रस्ता..."

"रस्ता सगळ्यांना तोच आहे. बघा, पाच आठवड्यांनी हॉलला पंचवीस वर्षं होतायत. पाच मजली केक हवाय. उभा आला, तर वर्षभर या हॉलमधला प्रत्येक केक तुमचा. वाकडा आला, तर पलीकडच्या बेकरीला सांगतो. माझाही नाइलाज आहे."

आणि तिच्यासमोरच त्याने पुठ्ठ्यावर ती ओळ लिहिली आणि दाराला अडकवली.

बायकोने सहा महिन्यांपूर्वी कँटीनमधली नोकरी सोडली होती, या केकच्या भरवशावर. परत गेली असती तर घेतलीही असती त्यांनी. पण जाताना तिने तिथल्या हेडकुकला सांगितलं होतं की तुमच्या केकने खिडकीची काच फुटेल. असं बोलून गेलेल्या माणसाने परत जायचं नसतं.

भाड्याची गाडी करू का, असं तिने घरी एकदा विचारलं.

"घरात उंट असताना भाड्याचं गाढव?" मास्टर म्हणाला, आणि मिशीवरून बोट फिरवलं.

बुधवार

बुधवारी मास्टर कापड कापतो. त्या दिवशी त्याला गाडी लागत नाही. बायको स्टूल लावून चढली आणि लोणी आणायला म्हणून निघाली ती सरळ जुन्या मिस्त्रीच्या गॅरेजला.

मिस्त्री दोन चष्मे लावतो, एकावर एक. तपासणीची त्याची एकच पद्धत. पातेल्यात रेघेपर्यंत पाणी भरायचं, शेजारच्या सीटवर ठेवायचं आणि एक फेरी मारायची: सात स्पीडब्रेकर, एक उखडलेलं गटाराचं झाकण, आणि परत. मग पळीने मोजायचं की किती उरलं.

भरलं होतं चाळीस पळ्या. उरलं दोन.

"बाकीचं?" मिस्त्रीने विचारलं.

"माझ्या मांडीवर," बायको म्हणाली.

मिस्त्रीने टायरला मीटर लावलं. "पंचावन्न हवा. दाराच्या कडेला कंपनीने पस्तीस लिहिलंय. दार उघडल्यावर वाचत नाही का कुणी?"

"दार उघडेपर्यंतच दम लागतो."

"शॉकअप तोकडे आहेत. माणूस उंच झाला आणि पँट तीच. हा जादा पाटा पाच टनांच्या गाडीचा. तुम्ही काय तोफा नेता का?"

"केक."

मिस्त्रीने वरचा चष्मा काढला. "वहिनी, औषध एकच. खाली उतरवा. बसणाऱ्यांचे धक्के जातील, डिझेल वाचेल. वरचं कॅरियर पण काढा, वारा अडतो त्याने."

"त्यांना कळता कामा नये."

"चार इंच उतरवायचे आणि कळता कामा नये?"

"अर्धा अर्धा इंच," बायको म्हणाली. "दर बुधवारी अर्धा. अर्धा इंच माणसाच्या लक्षात येत नाही."

"हे कुठून काढलंत?"

हे तिने नवऱ्याकडूनच काढलं होतं. पलीकडच्या गल्लीतले पोस्टमास्तर अठरा वर्षं मास्टरकडून पँटी शिवून घेतात. त्यांची कंबर बत्तीसची अडतीस झाली. पण पँट इस्त्रीला आली की मास्टर गुपचूप शिवण उसवून अर्धा इंच सैल करतो, आणि पोस्टमास्तर आजही भेटेल त्याला सांगतात की कॉलेजपासून माझी कंबर बत्तीस. मास्टर याला समाजसेवा म्हणतो.

"पाच आठवड्यांत चार इंच बसत नाहीत अर्ध्या अर्ध्याने," मिस्त्री म्हणाला.

"जेवढे बसतील तेवढे. अडीच झाले तरी तीन मजले वाचतील."

मिस्त्रीने जादा पाटा काढून कोपऱ्यात टाकला. "हा माझ्यातर्फे. याच्याकडे बघवत नाही." मग ठोकळे बदलले. गॅरेजच्या दरवाजाच्या आतल्या बाजूला खडूने एक आडवी रेघ मारली.

सोमवार

सोमवारी मास्टर गज आणायला म्हणून निघाला तो सरळ जुन्या मिस्त्रीच्या गॅरेजला.

त्याने गाडी आत घेतली, शटर अर्धं खाली ओढलं, मग स्टूलवर उतरला. खिशातून रुमाल काढला, रुमालातून साखरेचं एक डोकं. नवरदेवाचं. भांग नीट पाडलेला.

"सीटखाली सापडलं," मास्टर म्हणाला. "पाच दिवस झाले, टाकवत नाही."

मिस्त्रीने वाकून दोन्ही चष्म्यांतून ते पाहिलं.

"तिचा मोठा केक आहे. माझ्या गाडीतून नाही टिकायचा. मला काय दिसत नाही का? आणि खरं सांगू, माझं मणक्याचं हाड रोज एक पायरी वर चढतंय. पण चौदा माणसांसमोर बोललोय मी. नऊ वर्षांची मिशी आहे."

"मग?"

"अर्धा अर्धा इंच," मास्टर म्हणाला. "दर सोमवारी अर्धा. माणसाच्या लक्षात येत नाही. धंद्यातली गोष्ट आहे, कुठे बोलू नकोस. आणि हिला तर मुळीच कळता कामा नये."

मिस्त्रीने आधी वरचा चष्मा काढून पुसला, मग खालचा. तेच वाक्य पाच दिवसांत दुसऱ्यांदा ऐकलं की पुसावेच लागतात.

"मास्टर, माझा एक नियम आहे. मी खोटं बोलत नाही. विचारलं तर सांगतो. नाही विचारलं तर नाही सांगत."

"कोण विचारणार आहे तुला?"

"तेच," मिस्त्री म्हणाला, आणि दरवाजावर दुसरी रेघ मारली. मास्टरला वाटलं चहाचा हिशेब असेल.

तीन इंच

मास्टर आपल्या हाताखालून गेलेली वस्तू मोजल्याशिवाय सोडत नाही. गल्लीत कोणी नाही असं पाहून त्याने गळ्यातला टेप दाराखाली लावला, आणि तसाच गॅरेजला आला.

"अर्धा सांगितला होता. एक उतरलाय."

"गाडी बसते, मास्टर."

"बसते म्हणजे?"

"नवीन कापड पहिल्या धुण्यात आटत नाही का?"

मास्टरने टेप परत गळ्यात टाकला. हे वाक्य तो स्वतः वीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवत आला होता आणि आजवर एकानेही पुढे विचारलं नव्हतं. त्यानेही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी आरशासमोर तो बराच वेळ उभा राहिला. बोललेला शब्द म्हणजे बोललेला शब्द. गाडी खाली आली तर मिशी उतरवीन. पण गाडी काही धाडकन खाली आली नव्हती. चारातला एक इंच आला होता. मास्टरने छोटी कात्री घेतली, टेप घेतला, मिशीचे मनातल्या मनात चार भाग केले, आणि त्यातला एक भाग, दोन्ही बाजूंनी सारखा, हलक्या हाताने उतरवला.

बाहेर बायको आयसिंग घोटत होती. तिने वर पाहिलं, चटकन खाली पाहिलं. चोराच्या मनात चांदणं.

"काही नाही ना?" ती म्हणाली.

"काही नाही. का?"

"सहज."

स्टूल

स्टूल बोलू शकत नाही म्हणून बरं.

आठवडे पुढे गेले तसं स्टूल बिनकामाचं होत गेलं आणि त्याचा वापर वाढत गेला. बायको आता एका पायाने सहज आत जाऊ शकली असती. पण नवरा पाहत असला की ती स्टूल लावायची, दाराला धरायची, "आई गं, केवढी ही उंची!" म्हणायची आणि लोंबकळल्यासारखं करायची. मास्टरही स्टूल लावायचा. एकदा सवयीने जोरात चढला आणि डोकं टपाला आदळलं.

"लागलं?"

"छे. उंच गाडीत असं होतंच."

"होतंच ना," बायको म्हणाली, "उंची काय कमी आहे?"

स्पीडब्रेकर आला की दोघं मुद्दाम उडायची. गाडी उडत नव्हती, त्यामुळे दोघांना आपापल्या ताकदीवर उडावं लागायचं. बायको थोडी उशिरा उडायची. मास्टरला वाटायचं हिच्या लक्षात आलंय की काय. बायकोला वाटायचं हे जरा लवकरच उडतात.

पंपावर

पंपावरच्या बाईने काढलेलं ॲव्हरेज, टाकी भरून ते टाकी भरून:

पहिला आठवडा, सात. दुसरा, साडेआठ.

"मास्टर, काय केलंत?"

"पाय हलका ठेवतो." आणि लगेच, तिने आणखी काही विचारू नये म्हणून, "गाडी तेवढीच उंच आहे हं."

"मी कुठे काय म्हटलं?"

तिसरा आठवडा, साडेनऊ. बायको एकटी आली होती.

"वहिनी, डिझेल कमी कसं लागतंय?"

"मी जेवण कमी केलंय," बायको म्हणाली. "आणि त्यांना सांगू नका."

टपावरचं कॅरियर त्याच आठवड्यात गेलं. एका गिऱ्हाइकाला पडदे लावायला शिडीसारखं काहीतरी हवं होतं, देऊन टाकलं, असं मास्टर म्हणाला. बायको म्हणाली, "किती हो मोठं मन तुमचं." ती त्याच्या खांद्याकडे बघत म्हणाली. हल्ली ती त्याच्या खांद्याशीच बोलायची.

एक इंच

ठोकळे संपले. तीन आठवडे, बुधवारी अर्धा आणि सोमवारी अर्धा, तिथे तीन इंच गेले. राहिला एक इंच, तो दातेरी टायरांत. आता टायर काही अर्ध्या अर्ध्याने उतरत नाहीत.

बुधवारी बायको गॅरेजात आली आणि टायरांकडे बघत बसली. "हे नाही लपायचं."

"नाही," मिस्त्री म्हणाला.

"मग राहू दे."

"राहू दे," मिस्त्री म्हणाला आणि सोमवारची वाट पाहत बसला.

सोमवारी मास्टर आला. तासाभराने गाडी साध्या टायरांवर, पस्तीस हवेवर, योग्य मापाच्या शॉकअपवर घरी परतली. बायको दारातच होती.

"हे काय?"

"पंक्चर."

"चारही टायर? एकदम?"

"खिळ्यांचं पोतं सांडलं होतं रस्त्यावर. हे तात्पुरते लावलेत मिस्त्रीने."

बायकोने आयुष्यात इतकं फडतूस खोटं ऐकलं नव्हतं आणि कुठल्याही खोट्यावर इतक्या आनंदाने विश्वास ठेवला नव्हता. "अरेरे," ती म्हणाली. "खिळे फार वाईट. राहू देत हेच. घाई नको."

"घाई नाहीच," मास्टर म्हणाला.

मिस्त्रीने पातेल्याची फेरी पुन्हा मारली होती. चाळीस पळ्यांतल्या अडतीस उरल्या. सांडलेल्या दोन पळ्यांबद्दल त्याने गटाराच्या झाकणाला जबाबदार धरलं.

आणि त्या आठवड्यात दुकानात आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणून गेलं, "मास्टर, तब्येत सुधारलीय. तरुण दिसता. काय चालू केलंत?" का तरुण दिसतो, हे एकालाही सांगता आलं नाही.

शनिवार

पाच मजली केक जिन्यावरून उतरवायला अर्धा तास लागला. केक चाकांच्या फळीवर होता, फळी हौद्यात. धरायला कोणीतरी हवं म्हणून मेहुण्याला बोलावलं होतं. तो बसने आला.

"गाडी?" मास्टरने विचारलं.

"सर्व्हिसिंगला," मेहुणा म्हणाला. मग त्याने उंटाकडे पाहिलं. एकदा समोरून पाहिलं, एकदा बाजूने, मग खाली वाकून टायरांकडे पाहिलं. तोंड उघडलं. "दाजी, ही गाडी..."

"हात दे," बायको म्हणाली. तिने त्याला हौद्यात बसवलं आणि दोन्ही हात केकभोवती लावून दिले. "श्वास हळू घे. बोलू नकोस. बोललास तर वरचा मजला हलतो."

मेहुणा शंभरेक किलोचा. तो डोळ्यांनी बोलत राहिला.

मास्टर आपल्या बाजूने आत बसला. बायको तिच्या बाजूने आत बसली. दारं लागली. किल्ली फिरली.

मग दोघांनी एकदम खाली पाहिलं. दोघांच्या पायांमध्ये, जिथे स्टूल असायचं, तिथे काहीच नव्हतं. स्टूल वर स्वयंपाकघरात होतं. पाचव्या मजल्यावर फुलं लावायला बायकोनेच ते नेलं होतं.

"स्टूल राहिलं," मास्टर म्हणाला.

"राहिलं."

"मग तू चढलीस कशी?"

"जशी रोज... तुम्ही कसे चढलात?"

इंजिन चालू होतं. मागून मेहुणा काच ठोठावत होता, एका बोटाने, केक न हलवता.

"किती?" मास्टरने विचारलं.

"बुधवारी अर्धा. तुम्ही?"

"सोमवारी अर्धा." मास्टर समोर पाहत राहिला. "म्हणजे गाडी बसत नव्हती तर."

"काय?"

"मिस्त्री म्हणाला, कापड आटतं तशी गाडी बसते."

"आणि तुम्ही मानलंत?"

"माझंच वाक्य होतं. कसं नाकारू?"

बायकोला हसू फुटलं, पण तिने पोट धरून ते आत ठेवलं, कारण गाडीत केक होता. मास्टरने गिअर टाकला. सात स्पीडब्रेकर गेले. कोणी उडालं नाही. गटाराच्या झाकणाशी मास्टरने वेग इतका कमी केला की मागच्या सायकलवाल्याने पुढे जाताना हटकलं, "काका, ढकलू का?"

हॉलच्या मागच्या दाराशी सिमेंटचा कट्टा होता, माल उतरवायला. उंट उंच होता तेव्हा हौदा कट्ट्याच्या चार इंच वर यायचा आणि केक तेवढी उडी मारूनच आत जायचा. आज मास्टरने गाडी मागे घेतली, अगदी कट्ट्याला टेकवली, उतरून टेप लावला.

"एक इंच खाली."

बायकोचा चेहरा उतरला. एक इंच वर उचलायचा म्हणजे पाच मजले, चार माणसं, आणि चौघांपैकी एकाचा हात आधी वर जाणारच. दारात मॅनेजर उभा होता, पुठ्ठ्याच्या शेजारी. त्याची मान अजून सरळ होती.

मास्टरने टेपकडे पाहिलं, कमानींकडे पाहिलं, मग मेहुण्याकडे.

"तू उतर."

"मी?" एवढं बोलायला परवानगी आहे की नाही याचा अंदाज घेत मेहुणा म्हणाला.

"हळूच. तिकडच्या बाजूने."

बायकोने केक धरला. मेहुण्याने एक पाय खाली ठेवला, मग दुसरा. मऊ झालेल्या कमानींनी सुस्कारा सोडला आणि हौदा वर आला. वर आला आणि थांबला. मास्टरने टेप लावला, आणि न वाचताच खिशात ठेवला, कारण फळीची चाकं तेवढ्यात आपसूक कट्ट्यावर गेली होती. केक आत निघाला तो एखाद्या पाहुण्यासारखा, ताठ मानेने.

मॅनेजरने केकभोवती एक चक्कर मारली. पाचही मजले मोजले. मग दाराकडे गेला, पुठ्ठा काढला, दुमडून खिशात ठेवला.

"पुढच्या शनिवारी किती वाजता याल, ताई?"

बायकोने उत्तर दिलं की नाही हे कोणाला ऐकू आलं नाही, कारण मेहुण्याचा बांध फुटला होता.

"दाजी! गाडी खाली आलीय! चार इंच! मी बघितलं, टायर बघितले, कॅरियर गेलं! चौदा माणसांसमोर बोलला होतात तुम्ही! काढा आता मिशी!"

"कुठली?" मास्टर म्हणाला.

मेहुण्याने पाहिलं. बायकोने पाहिलं. मॅनेजरने, ज्याचा काही संबंध नव्हता, त्यानेही पाहिलं. नाकाखाली स्वच्छ, गुळगुळीत ओठ होता. तिथे काही होतं याची खूण म्हणून फक्त थोडी उजळ कातडी.

"ही... कधी?" मेहुणा म्हणाला.

"एक इंच गाडी, पाव मिशी. शेवटचा पाव टायरांबरोबर गेला, सोमवारी. बोललो होतो तेच केलं."

बायकोने बोट पुढे केलं आणि त्याच्या ओठावर ठेवलं, आयसिंग जमलं की नाही बघावं तसं. "माझ्यासमोर? रोज? मला कळलं कसं नाही?"

"तू माझ्या तोंडाकडे बघत कुठे होतीस? महिनाभर खांद्याशी बोलतेयस."

"तुम्ही तरी कुठे बघत होतात?"

"मी बघत होतो," मास्टर म्हणाला. "तू उशिरा उडायचीस."

परतताना मेहुणा हौद्यात बसला, पाय पसरून, आणि पहिल्याच स्पीडब्रेकरनंतर झोपला.

मेहुण्याने स्वतःची उंच पिकअप विकली होती ती त्याच्या वाढदिवसाच्या आठ दिवस आधी. डॉक्टरांनी कंबरेला पट्टा दिला होता.